पट्टी काळी चार

पेटी सहसा आपणहून बिघडत नाही, माणसं बिघडवतात. अचलपूरच्या एका भजनी मंडळाची पेटी माझ्याकडे आली तेव्हा आत उंदरीण व्यालेली होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, आवाज दबून राह्यला." दबणारच. एका वकिलांनी मुलीच्या लग्नात दिलेली पेटी सहा महिन्यांत परत आणली. सुरांवर साखरेचा थर बसला होता. जावईबापू पेटीवर चहाचा कप ठेवून गात असत. अशी गिऱ्हाइकं मला आवडतात. दुखणं दिसतं, औषध ठाऊक असतं, माणूस घरी जातो.

अकोल्याला जठारपेठेत माझं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे. वडील सुतार होते. नाटक कंपनीबरोबर हिंडताना ते हे काम शिकले आणि त्यांच्याकडून मी. सासर अमरावतीचं. नवरा लवकर गेला, मी अकोल्याला परत आले आणि वडिलांच्या शेजारी पाटावर बसले. वडील गेल्यावर पाट माझा झाला. नवीन गिऱ्हाईक आजही आधी विचारतं, "बुवा कुठं गेले?" मी म्हणते, "बुवा वर गेले, पेटी खाली ठेवा."

न जाणणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली एक घर असतं आणि घरात पितळी सूर. सूर म्हणजे बोटाएवढी चिप आणि तिच्यावर एक जीभ. भात्याची हवा गेली की जीभ थरथरते, तोच आवाज. जीभ टोकाकडे खरवडली तर सूर चढतो, मुळाशी खरवडली तर उतरतो. जास्त खरवडली तर मरतो. गाणारा ज्या पट्टीला आपला सा धरतो ती त्याची पट्टी. पांढऱ्या पट्ट्यांना आम्ही पांढरी एक, पांढरी दोन म्हणतो, काळ्यांना काळी एक, काळी दोन. पुरुष साधारण काळी एक-दोनमधून गातात. काळी चार ही बायकांची पट्टी. पुरुष काळी चारमधून गाऊ लागला की मांडवातली माणसं बिडी विझवून पुढे सरकतात.

सुदाम काळी चारमधून गात असे.

छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या भागात गावोगावी गाण्याच्या पार्ट्या निघाल्या. जलसे होत, कव्वाल्यांचे मुकाबले होत. जुन्या पेट्या, फुटके भाते, जे मिळेल ते घेऊन लोक यायचे आणि एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी मला जेवायला फुरसत नसे. सुदाम तेव्हाच पहिल्यांदा आला. विशीतला पोरगा, जिनिंगमध्ये कामाला, केसांत कापसाचे तंतू. पेटीतही तेच. तालीम जिनिंगच्याच आवारात चाले, भात्याने सगळा कापूस आत ओढून घेतला होता. मी मूठभर गोळा बाहेर काढला.

"उशी भरता येईन," तो म्हणाला.

"आधी गाऊन दाखव. मग उशीचं पाहू."

तो गायला. त्याचं स्वतःचं रचलेलं गाणं होतं: 'उजेड मागाले नाही आलो, वात घेऊन आलो.' 'वात' शब्दावर तो वरच्या 'सा'ला जाऊन उभा राहायचा. ओरडत नसे, उभा राहायचा. समोरच्या किराणा दुकानातला मुनीम मापटं हातात धरून दारात आला. मी बऱ्याच गवयांच्या पेट्या लावल्या आहेत. कुणाच्या गाण्याने माझा हात थांबत नाही. त्या दिवशी थांबला होता, एवढंच लिहिते.

त्याच्याबरोबर पेटी वाजवायला किसन असे. गरीब, अबोल माणूस, स्वतःचं स्वतः शिकलेला. त्याची बोटं काळी चारवरूनच चालत, दुसरीकडे ठेवली तर वाट चुकत. मागे कोरसात दोन बायका आणि सुदामची बायको शेवंता. तिचा गळा जाड, खालचा.

मुकाबल्यात एक रीत होती. गाणं सुरू व्हायच्या आधी पेटीवाला हात वर करून पट्टी सांगायचा. समोरच्या पार्टीचा सांगे, "पट्टी काळी दोन!" मग किसन सांगे, "पट्टी काळी चार!" आणि सुदामने तोंड उघडायच्या आधीच टाळ्या पडत. मूर्तिजापूरपासून अमरावतीपर्यंत त्याचं नाव असं पट्टीसकट घेतलं जाई. 'काळी चारवाला सुदाम.' पहिलवानाच्या नावामागे गाव लागतं तसं.

चार-पाच वर्षांनी तो एकटाच दुकानात आला. दिवसा, पण तोंडाला वास होता. जिनिंगचा कापूस छातीत गेला होता आणि कापूस खाली उतरावा म्हणून तो पीत होता. तसं तो सांगत असे. पिणाऱ्याला कारण नेहमी सापडतं.

"बाई, पेटी एक घर खाली करून द्या."

"म्हणजे?"

"किसन काळी चारच दाबीन. पण वाजली पायजे पांढरी पाच."

मी त्याच्याकडे पाहिलं. "मग पांढरी पाचमधून गा ना बाप्पा. किसनले सांग बोटं सरकव म्हणून."

"त्याले जमत नाही. अन् लोक बोटाइकडे पायतात, बाई."

"लोक गाण्याकडे पायतात."

"तुमी मांडवात बसत नाही, म्हणून असं बोलता."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. गळा खाली आला तर त्यात लाज कसली, मोठमोठे गवयी पट्टी उतरवतात. तो ऐकून घेत होता आणि पेटीची कडी उघडझाक करत होता. शेवटी म्हणाला, "करून देता का दुसरीकडे जाऊ?"

दुसरीकडे गेला असता तर तिथल्या माणसाने कानशीने सगळे सूर खरवडून पेटी मारली असती. मी काम घेतलं. हे खरवडण्याचं काम नव्हे. प्रत्येक घरातला सूर काढून शेजारच्या वरच्या घरात बसवायचा. सगळे एक घर सरकतात. खालच्या टोकाला नवीन सूर घालावा लागतो आणि वरच्या टोकाचा उरतो. पेटी दुहेरी सुरांची होती, म्हणून उरली एक जोडी. मी ती काताच्या रिकाम्या डबीत टाकली.

त्या जयंतीला किसनने हात वर करून "काळी चार" सांगितलं, टाळ्या पडल्या, सुदाम पांढरी पाचमधून गायला. कुणी काही बोललं नाही.

पुढे तो आणखी दोनदा आला. काळी तीन झाली, मग पांढरी चार. डबीत तीन जोड्या जमल्या. शेवटच्या वेळी पेटी टेकवताना त्याच्या हातून कोपरा पाटावर आपटला. पेटी न्यायला शेवंता आली. मी काय केलं ते तिने विचारलं नाही. पदराने पेटी पुसली आणि डोक्यावर घेऊन गेली.

तरीही त्याचं गाणं चालत होतं. उलट, खाली उतरल्यावर त्याच्या आवाजात काहीतरी आलं होतं, जे पहिल्या वर्षी नव्हतं. पहिल्यांदा मी ऐकला तो आवाज जिंकल्याचा होता. नंतरचा आवाज असा, की घरात आजारी माणूस असताना हळू दार लावावं. माणसं रडत. पण त्याचा त्यावर विश्वास नव्हता. त्याच्या मते माणसं काळी चारसाठी रडत होती. दुसऱ्या पार्टीबरोबर एकत्र गायची वेळ आली की तो आजारी पडे, कारण दुसऱ्याची पेटी शेजारी वाजली की सगळं उघड होणार. कबूल केलेले कार्यक्रम मोडू लागले. मांडव घालून बसलेल्या लोकांना शेवंता हात जोडून सांगायची, "ताप हाय त्याइले."

मग मुंबईहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. बऱ्या मनाचा, घाईतला. त्याने कुठल्याशा मेळ्यात सुदामला ऐकलं होतं. दोन गाणी घेऊन पाहायची आणि पसंत पडली तर तबकडी काढायची. स्टेशनजवळच्या लॉजची खोली घेतली होती, नागपूरहून क्लॅरिनेटवाला आणला होता. सकाळी अकराच्या सुमारास लॉजचा नोकर माझ्या दुकानात आला. "पेटी उतरली म्हणतात. तुमाले बोलावून राह्यले."

मी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. काय झालं असणार ते मला जिन्यातच कळलं होतं.

क्लॅरिनेटवाला काळी चार धरत होता. किसन काळी चार दाबत होता. दोघांत तीन घरांचं अंतर. रेकॉर्डवाला मला म्हणाला, "बाई, ही पेटी एवढी उतरलीच कशी?"

क्लॅरिनेटवाला जाणता होता. त्याने एकदा पेटी ऐकली आणि म्हणाला, "उतरली नाहीये. पांढरी चारला अगदी सुरात आहे. मी पांढरी चारमधून वाजवतो, मला काय."

"मग झालं तर," रेकॉर्डवाला म्हणाला. "सुदामराव, तुम्ही पांढरी चारमधून गाता ना? तसं सांगा, सुरू करू."

एवढंच होतं. एक 'हाव' म्हणायचा होता. त्या खोलीत मुकाबला नव्हता, मांडव नव्हता, समोरची पार्टी नव्हती. 'हाव' म्हटलं असतं तर तो घराघरांतून वाजला असता. किसन स्वतःच्या बोटांकडे पाहत होता. शेवंता भिंतीला टेकून बसली होती. सुदामने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माही पट्टी काळी चार हाय," तो म्हणाला. "पेटी खराब केली या बाईनं. कच्चं काम हाय तिचं."

वडिलांच्या वेळेपासून माझ्या दुकानाला कुणी असं म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. मी म्हटलं, "असेल," आणि पिशवी उचलली. पण दारातून हलता आलं नाही.

"पेटी बाजूला ठेवा," सुदाम म्हणाला. "क्लॅरिनेटवर गातो. काळी चार."

पहिली ओळ त्याने कशीबशी काढली. 'उजेड मागाले नाही आलो.' दुसऱ्या ओळीला 'वात' आला. आवाज वर गेला, तिथे पोचायच्या आत चिरला आणि खोकल्यात गेला. खोकला बराच वेळ चालला. शेवंताने पाणी दिलं. रेकॉर्डवाल्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. तो म्हणाला, "गळा बसलाय. बरे झालात की मुंबईला या." असं म्हणून परत बोलावलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं का, हे मी स्वतःला विचारलं आहे. गिऱ्हाइकाचं गुपित चारचौघांत फोडणं हे दुकानदाराचं काम नाही. आजही मी तेच म्हणते. बहुतेक दिवशी मला ते पटतंही.

आठवडाभराने सुदाम दुकानासमोर आला. पायरी चढला नाही. रस्त्यावरूनच म्हणाला, "बाई, पेटी चांगली वाजते." मी म्हटलं, "माहीत आहे मले." तो थोडा उभा राहिला आणि गेला. नंतर मी त्याला पाहिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली, अमरावतीला नेलं, परत आणलं ते तसंच. किसन सांगायला आला तेव्हा मी एका शाळेची पेटी उघडून बसले होते. तो म्हणाला, "गेला." मी म्हटलं, "बस." पाटावरची हत्यारं बाजूला सारून त्याला जागा केली.

माणूस गेला की त्याची पट्टी वाढत जाते, हे मला तेव्हा कळलं. त्याची गाणी सगळ्या पार्ट्या म्हणू लागल्या. चांगली गोष्ट. पण वीस-बावीस वर्षांची पोरं दुकानात येऊन म्हणत, "काळी चार लावून द्या, सुदामदादाची पट्टी." गळ्याच्या शिरा फुगवून ती 'वात' ओढायची आणि ऐकणाऱ्याला वाटे, आता काहीतरी तुटणार. मी एकाला म्हटलं, "बाबू, तुह्या गळ्याची पट्टी काळी एक आहे. तिथून गा, गोड लागेल." तो चिडला.

"सुदामदादा मरेपर्यंत काळी चार गायले. आमी काय बायल्या हाओ?"

मी भाता शिवत राहिले.

जयंती जवळ आली तशी शेवंता आली, डोक्यावर तीच पेटी. भाता दोन ठिकाणी फाटला होता. म्हणाली, "मूर्तिजापूरकडच्या गावचे लोक आले होते. दरसाल त्याइचंच गाणं असे तिथं. म्हणतात, तू म्हण. म्हणीन म्हणते."

मी फळीवरून काताची डबी काढून तिच्यासमोर उघडली. तीन जोड्या, पितळ काळवंडलेलं. म्हटलं, "हे याच पेटीचे सूर आहेत. पाहिजे तर पेटी पहिल्यासारखी वर चढवून देते. त्याचं असं होतं, की—"

"मायीत हाय मले."

"केव्हापासून?"

"पयल्यांदा उतरवली त्या सालापासून." ती खाली बसली. "मी कोरसात होतो ना, बाई. काळी चार मले वढून वढून गावं लागे. त्या साली गाऊ लागलो त वढावं लागेच ना. मले वाटलं, माहाच गळा उघडला. खुश झालो. घरी त्याइले सांगतलं, 'माहा आवाज चढून राह्यला बरं.' ते कायीच बोलले नाही. मंग समजलं."

"किसनला?"

"पेटीवाल्याले समजत नाही का? समद्याइले समजे. मागच्या दोघींले बी."

"मग त्याला सांगितलं काहून नाही? लॉजवर तरी?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी काहून नाही सांगतलं?"

मी भाता पुढे ओढला. भात्याला नवं कातडं लावेपर्यंत ती बसून होती. उठताना म्हणाली, "सूर हाये तिथंच राहू द्या. मले बरोबर हाये. अन् ते डबीतले कोन्या गरजवंताच्या पेटीत घाला. पितळ हाय, पडून खराब होईन."

मी सहसा गिऱ्हाइकांच्या कार्यक्रमांना जात नाही. त्या गावाला गेले. मूर्तिजापूरला गाडीतून उतरून बैलगाडीने, ऊन चांगलं कडक असताना. मांडव भरला होता. किसन पेटीशी बसला, सवयीने हात वर केला आणि म्हणाला, "पट्टी..." पुढे त्याचं तोंड उघडंच राहिलं. शेवंताने त्याचा हात खाली घेतला.

"पट्टी पांढरी चार," ती म्हणाली.

मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, सुदामदादाची काळी चार होती!"

किसनची बोटं काळी चारवरच होती. ती एक शब्द बोलली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. ती म्हणाली, "हाव. त्याइची काळी चारच होती. हे माही हाय. मले तेवढं जमत नाही."

"बाईले कसं जमीन," माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला आणि त्याने बिडी पेटवली.

ती गायली. शेवटच्या वर्षांत सुदाम जिथून गात असे, नेमकं तिथूनच, त्याच सुरांवर, आणि माझ्याशिवाय ऐकणाऱ्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. 'वात' आला तेव्हा ती वर गेली, पोचली, पण थांबली नाही. लगेच खाली आली. टाळ्या पडल्या, बेताच्या. परतताना बैलगाडीत दोघे जण बोलत होते, "नाव मोठं, पण ते काळी चार गेली ते गेलीच."

हे सगळं शेवंताला विचारून लिहिलं आहे. ती आधी नको म्हणाली. नंतर तिच्या गल्लीतलं एक पोरगं काळी चार ओढता ओढता महिनाभर आवाज घालवून बसलं, तेव्हा म्हणाली, "लिवा. त्याइले आता काय लाज." म्हणून ज्या पोरांना वाचता येतं त्यांनी वाचावं आणि इतरांना सांगावं. तुम्ही ज्या गाण्यासाठी रडलात ते पांढरी चारचं होतं.

राहता राहिली डबी. तीन जोड्या मी अचलपूरच्या एका शाळेच्या पेटीत बसवल्या. वरच्या टोकाचे सूर तिथे मेले होते, माझ्याकडे तयार होते. चांगलं पितळ फळीवर ठेवणं मला पटत नाही. साफ केले, हवा दिली, स्वच्छ वाजले. त्या पेटीवर रोज सकाळी प्रार्थना होते. मधल्या काळात भाता दाखवायला मास्तर आले होते, तेव्हा विचारलं, वरचे सूर कसे आहेत. ते म्हणाले, "काय सांगू बाई, तिथपर्यंत बोट जातच नाही."